आधी टिक, मग बोट

१

हॉस्पिटलात तिला सगळे कुलूपताई म्हणत. वडिलांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं म्हणून, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पहाऱ्याच्या खोलीची ती प्रमुख होती म्हणूनही. कोणीतरी एकदा थट्टेत हे नाव ठेवलं. तिने रागावण्याऐवजी ते मिरवायला सुरुवात केली, तेव्हा थट्टा करणाऱ्याचीच पंचाईत झाली.

मिरवण्यासारखं होतंच. हॉस्पिटलातली तीनशे बारा यंत्रं एकमेकांना तारांनी जोडलेली होती. अतिदक्षता विभागातले औषधाचे पंप, नवजात बाळांच्या काचपेट्या, रक्तपेढीचे फ्रिज, एक्स-रे, लॅब. प्रत्येक यंत्राचा एक पासवर्ड, आणि तो सांभाळणारा त्या त्या विभागातला एक माणूस. या सगळ्यांवर नजर ठेवायला एक सॉफ्टवेअर होतं. खोलीतले लोक त्याला नुसतं ‘पहारेकरी’ म्हणत. कोण कुठल्या यंत्रात शिरलं, किती वाजता शिरलं, हे पहारेकरी आपल्या रोजनिशीत लिहायचा. ती रोजनिशी असायची तिच्या टेबलाखालच्या काळ्या पेटीत, एका डिस्कवर. नोंदीचं एकेक अक्षर पडलं की पेटीतून बारीक आवाज यायचा. टिक.

सहा वर्षांत या खोलीच्या नजरेतून एकही चोर सुटला नव्हता. एकही नाही. ती हे कोणाला सांगत नसे, पण रोज सकाळी पावणेआठला दार उघडताना तिच्या चालीत ते दिसायचं.

त्या दिवशीही ती पावणेआठलाच आली. खिडकी उघडली. खाली अँब्युलन्सच्या आवारात कोणीतरी पाइपने गाडी धूत होतं. तिने आपलं टेबल पुसलं, मग समोरचं सिस्टरांचं, मग खिडकीजवळचं काकांचं. स्क्रीन सुरू केला. आणि पहारेकरी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र समोर आलं.

पत्र तिने दोनदा वाचलं. गोड शब्दांत लिहिलेलं होतं, पण मतलब सरळ होता. पहारेकऱ्यात एक दोष निघाला होता. यंत्रात शिरणाऱ्या माणसाचं नाव आणि वेळ लिहिताना तो त्याचा पासवर्डही लिहून ठेवत होता. उघड्या अक्षरांत. गेले अकरा महिने.

"म्हणजे वॉचमननेच घरोघरच्या किल्ल्यांचे ठसे घेऊन ठेवले," एक्स्चेंजकाका म्हणाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढून ते इथे आले होते, आणि अजूनही समोर बसलेल्या माणसाशी ‘हॅलो, बोला’ म्हणूनच सुरुवात करायचे.

"घेतले, आणि टेबलावर मांडून ठेवले," कुलूपताई म्हणाली. "सिस्टर, आधी दुरुस्ती बसवू. मग सगळ्या किल्ल्या बदलायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या."

सिस्टर या पूर्वी खरोखरच सिस्टर होत्या. अतिदक्षता विभागात वीस वर्षं काढून, गुडघ्यांनी दगा दिल्यावर संगणक शिकून या खोलीत आलेल्या. त्यांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. आठ वाजून दहा मिनिटं.

२

साडेनऊपर्यंत दुरुस्ती बसली. आता पहारेकरी पासवर्डच्या जागी नुसत्या चांदण्या लिहू लागला. नवी गळती थांबली होती, पण जुनं सांडलेलं तसंच होतं. कुठल्या कुठल्या किल्ल्या उघड्या पडल्या ते पाहायचं तर जुनी रोजनिशी वाचावी लागणार होती.

तिने ती उघडली आणि तिला एकदम कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं. ज्यांच्या नुसत्या खोकण्याने शिकाऊ डॉक्टर जिना बदलायचे, त्या लॅबच्या प्रमुखांचा पासवर्ड होता ‘छकुली७’. स्वयंपाकघराचा ‘मीठकमी१’. एक्स-रेवाल्याचा ‘श्वासरोखा’.

काकांना हसू आवरेना. "ताई, छकुली कोण असेल हो?"

"काका, वाचायचं आणि विसरायचं. आमच्या दुकानात लोकांच्या तिजोऱ्या यायच्या. बाबा आत काय आहे ते कधी बघायचे नाहीत."

एकूण तीनशे बाराच्या तीनशे बारा उघड्या पडल्या होत्या. तिने फळ्यावर आकडा लिहिला, खाली रेघ मारली.

पहिल्यांदा स्वतःचा पासवर्ड. तिने क्षणभर विचार केला. लहानपणी दुकानात एक निळी शिडी होती. वरच्या खणातली कुलपं काढायला बाबा तिला त्या शिडीवर चढवायचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका मोडक्या कुलपावर ४०९ आकडा कोरलेला होता. तिने टाइप केलं: ‘निळीशिडी४०९’.

मग तिने नियमाप्रमाणे पडताळा घेतला. नवा पासवर्ड जुन्या रोजनिशीत कुठे सापडतो का, हे एकदा शोधून बघायचं. सापडणार नाहीच, पण बघायचं. अशा ‘पण बघायचं’वरच ही खोली सहा वर्षं उभी होती.

शोध संपला. स्क्रीनवर आलं: एक.

नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. तिच्या नावावर. निळीशिडी४०९.

३

आधी कधीतरी वापरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस किती पासवर्ड ठेवतो आणि विसरतो. अकरा दिवसांपूर्वी हाच सुचला असेल, नको वाटून पुसला असेल. बरोबर. तसंच झालं असणार.

पण ती नको वाटून पुसणारी बाई नव्हती, हेही तिला माहीत होतं.

"काका, तुम्ही तुमचा बदला. मनात येईल तो ठेवा, मला सांगू नका."

काकांनी डोळे मिटून विचार केला, मग दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं. तिने शोध लावला. एक. तीन दिवसांपूर्वीची नोंद.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "अहो ताई, हा माझ्या पहिल्या ग्राहकाचा नंबर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जी पहिली लाइन जोडली ना, तो. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही."

"पण तुमच्या डोक्यात तो होताच ना. कधीतरी टाइप केला असेल."

"असेल," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात ‘नसेल’ होतं.

सिस्टर आपल्या जागेवरून हे सगळं शांतपणे पाहत होत्या. पेशंटकडे पाहतात तशा. त्यांनी फोन उचलला आणि प्रसूती विभागात विचारलं, "आज सकाळचं शेवटचं बाळ किती वाजता? नऊ पन्नास? वजन?" मग फोन ठेवून म्हणाल्या, "ताई, मी आत्ताच ऐकलेली गोष्ट टाकते. ही माझ्या डोक्यात आधी असूच शकत नाही."

त्या टाइप करू लागल्या, आणि त्याच वेळी कुलूपताईला आवाजाचं लक्षात आलं.

इतकी वर्षं ती पेटी तिच्या पायाशी होती. बोट कळीवर पडायचं, मग पेटीतून टिक. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला ते ऐकूही येत नसे. आता ऐकू येत होतं, कारण क्रम उलटा झाला होता. टिक, मग सिस्टरांचं बोट. टिक, मग बोट. आवाज पुढे चालत होता आणि सिस्टरांचा हात त्याच्या मागे.

‘बाळ२७४०’.

शोध: एक. सहा दिवसांपूर्वी.

खाली गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं. पाइपमधले शेवटचे थेंब फरशीवर पडताना ऐकू येत होते.

"सहा दिवसांपूर्वी," सिस्टर अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "ते बाळ जन्मलेलंच नव्हतं."

४

कंपनीच्या फोनवरचा माणूस फार नम्र होता.

"मॅडम, पेटीचं घड्याळ पुढेमागे झालं असेल."

"घड्याळ मी रोज सकाळी तपासते. सेकंदाचाही फरक नाही."

"मग दुरुस्ती पुन्हा बसवून बघा."

"दुरुस्ती ठीक आहे. नव्या नोंदीत चांदण्याच येताहेत. मी जुन्या नोंदींबद्दल बोलतेय. आज ठेवलेला पासवर्ड त्यात आधीपासून आहे."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "मॅडम, असं होऊ शकत नाही," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. म्हणून तर फोन केला."

त्याने तक्रारीचा क्रमांक दिला आणि दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली.

साडेअकराला डायरेक्टर स्वतः वर आले. उंच, वाकून चालणारे, कमी बोलणारे. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "पाच वाजेपर्यंत मला लेखी देऊ शकाल का? सगळे पासवर्ड बदलले आणि नवे बाहेर कोणालाही माहीत नाहीत, असं."

"नाही दिलं तर?"

"तर पाच वाजता मी सगळी यंत्रं तारांवरून तोडतो. दुसरा इलाज नाही. औषधाच्या पंपात कोणी परका शिरला तर माणूस जातो."

"तोडलीत," सिस्टर मध्येच म्हणाल्या, "तर नवजात विभागात एकोणीस काचपेट्या आहेत आणि पाळीवर दोन नर्सेस. एकेका बाळाचा श्वास डोळ्यांनी मोजत बसावं लागेल. एक मोजेपर्यंत दुसरं निळं पडतं. मी पाहिलंय."

डायरेक्टरांनी कुलूपताईकडे पाहिलं. साधं नुसतं लिहून दिलं असतं तर चाललं असतं. पासवर्ड बदलले होते असं म्हणता आलं असतं. जुन्या रोजनिशीत ते का सापडतात हे कोण विचारणार होतं?

"मी खोटं लिहून देणार नाही," ती म्हणाली. "पण पाचपर्यंत खरं लिहून देईन."

ते गेल्यावर काका हळूच म्हणाले, "ताई, बोलून तर बसलात. आता?"

तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण बोलून बसल्यावर तिची पाठ सरळ झाली होती.

५

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. बाबा हल्ली दुकानात जात नसत. बाल्कनीत बसून शेजाऱ्यांची कुलपं फुकट दुरुस्त करायचे आणि त्यांना वर दोन शब्द सुनवायचे.

"बाबा, एक विचारू? एखादं गिऱ्हाईक समोर उभं राहून, तुम्ही किल्ली घासताना तिच्या दातांकडे टक लावून बघत असेल तर तुम्ही काय करायचात?"

"कोण बघतंय तुझ्याकडे?" बाबांनी लगेच विचारलं.

"कोणी नाही हो. सहज."

मुलीच्या ‘सहज’ची किंमत त्यांना ठाऊक होती. "असे यायचे एकदोन. किल्ली दुसऱ्याची, आणि हा दात मोजतोय. मग मी हात टेबलाखाली घ्यायचो आणि बोटांनी घासायचो. मीसुद्धा बघायचो नाही. मी बघितलं की माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं. बोटांना चेहरा नसतो, बाळ."

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"ऐकतेयस ना? आणि हे बघ, जो बघतोय त्याला बघू दे. तू आपलं काम सोडू नकोस. माझ्या मुलीसारखं कुलूप कोणी लावत नाही, हे मी इथे सगळ्या मजल्यांना सांगून ठेवलंय. तोंडघशी पाडू नकोस मला."

"नाही पाडणार," ती म्हणाली आणि जेवण अर्धवट टाकून वर आली.

६

"कोणीतरी बघतंय," तिने दोघांना सांगितलं. "कसं, कोण, मला विचारू नका. मला ते समजून घ्यायचंही नाही. पण एक तपासू या. ते यंत्रातून वाचतंय, की आपल्यातून?"

संगणकाकडून एक अर्थहीन पासवर्ड बनवून घेतला. वीस अक्षरं, ना शेंडा ना बुडखा. तिने तो स्क्रीनवर वाचला. शोध लावला. एक. एकवीस दिवसांपूर्वी.

मग दुसरा बनवला. या वेळी स्क्रीनवर आणलाच नाही. पासवर्ड बनला आणि थेट यंत्रात गेला, कोणाच्याही डोळ्यांपुढे न येता. जुन्या रोजनिशीत तो आहे की नाही हेही संगणकानेच पाहिलं आणि फक्त आकडा सांगितला.

शून्य.

पुन्हा केलं. शून्य. दहा वेळा केलं, दहाही वेळा शून्य.

काका आनंदाने टेबलावर थाप मारणार होते, पण हात हवेतच राहिला. त्यांना अर्थ कळला होता. सिस्टरांनाही. तिलाही. ते जे काही होतं ते तारांमधून वाचत नव्हतं. ते माणसांच्या डोळ्यांमागून वाचत होतं.

कोणीही मागे वळून पाहिलं नाही. तिघेही आपापल्या स्क्रीनकडे पाहत राहिले.

"पण अडीनडीला किल्ली लागली तर?" सिस्टरांनी विचारलं. "उद्या एखादा पंप अडला, तर कोणाला तरी पासवर्ड माहीत हवा."

"पाकिटं!" काका म्हणाले. "आमच्या एक्स्चेंजमध्ये गुप्त आकडे पाठवायला असायची. आतून कार्बनचा थर. सुया ठोकणारा प्रिंटर पाकीट न उघडता आतल्या कागदावर छापतो. बाहेरून काही दिसत नाही, छापणाऱ्यालाही नाही. इथे खाली भांडारात तसा एक जुना प्रिंटर आहे, पाकिटांचे गठ्ठेही आहेत. मीच टाकू दिले नव्हते. सगळे मला हसले होते."

"आता कोण हसतंय बघू," कुलूपताई म्हणाली.

७

सव्वाला काम सुरू झालं.

सिस्टर फोनवर. एकेका विभागाला सांगायच्या, "तुमच्या यंत्राची किल्ली बदलतेय, तीस सेकंद हात लावू नका." कोणी कटकट केली की त्यांचा आवाज खाली यायचा आणि कटकट बंद व्हायची. वीस वर्षं त्यांनी सर्जन लोकांना हात धुवायला पाठवलं होतं. काका प्रिंटरवर. तो म्हातारा प्रिंटर करकरत पाकिटं ठोकत होता आणि काका त्याच्याशी बैलाशी बोलावं तसे बोलत होते. मध्ये ती. बनव, बदल, पडताळ, पुढे. समोर आकडे. शून्य. शून्य. शून्य.

पेटी टिकटिकत होती. कधी आधी, कधी मागाहून. जणू चाचपडत होती.

दोनच्या सुमारास लॅबच्या प्रमुखांनी फोनवर आवाज चढवला. त्यांना नवा पासवर्ड हवाच होता. सिस्टर म्हणाल्या, "सर, आता तो कोणालाच माहीत नसतो. तुमचं यंत्र तुमच्या ओळखपत्रावर उघडेल. जुना लक्षात ठेवायला गोड होता, कबूल आहे." मग ते इतक्या मऊ आवाजात आभार मानून मोकळे झाले की तिघेही तोंडावर हात ठेवून हसले. त्या हसण्याने खोलीतली हवा जरा हलली.

तीनला दोनशे. साडेतीनला दोनशे साठ. नवजात विभागाच्या एकोणीस काचपेट्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने केल्या. एकेका बाळाच्या पेटीचा क्रमांक घेऊन, घाई न करता. एकोणिसावी झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाण्याचा घोट घेतला.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी तीनशे बारावं पाकीट प्रिंटरमधून बाहेर पडलं. काकांनी ते दोन्ही हातांत धरून पोलादी कपाटात ठेवलं. कुलूपताईने फळ्यावरचा आकडा पुसला. तिघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलच्या किल्ल्या एका दुपारी, तीन माणसांनी, एकही यंत्र न थांबवता, एकही किल्ली न पाहता बदलल्या होत्या. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते शोधून काढलं होतं आणि पार पाडलं होतं.

"एक राहिली," ती म्हणाली.

८

सगळ्या नव्या किल्ल्या सांभाळणारी एक आभासी तिजोरी होती. तिची किल्ली मात्र माणसाच्याच डोक्यात असावी लागते. प्रमुखाच्या. ती पाकिटात चालत नाही.

"पेटी बंद करून टाका ना थोडा वेळ," काका म्हणाले.

"पहारा बंद ठेवून किल्ली बदलायची नाही. नियम माझाच आहे, काका."

तिने आपला स्क्रीन बंद केला. सिस्टरांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं हिरवं कापड आणून कीबोर्डवर आणि तिच्या हातांवर टाकलं आणि समोर आपल्या जागेवर जाऊन बसल्या. काका आपल्या स्क्रीनवर रोजनिशी उघडून नोंदी पाहत होते. तिच्या खुर्चीमागे वीतभर जागा होती, मग भिंत.

तिने नजर खिडकीबाहेर ठेवली. आवारात ऊन होतं. पांढऱ्या गाडीच्या टपावर एक कावळा बसला होता. तिने मनात काहीच आणायचं नाही असं ठरवलं आणि बोटं कळ्यांवर ठेवली.

टिक.

बोट हललेलं नव्हतं.

टिक. टिक.

"ताई," काका म्हणाले, "नोंद पडतेय. चांदण्या नाहीत. अक्षरं आहेत."

"वाचा."

"‘निळी’... पुसलं. ‘शिडी’... पुसलं. ‘कावळा’... पुसलं." "ताई, ते अंदाज घेतंय."

तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच्याबरोबरच, तिला स्वतःलाही नवल वाटलं, छातीत काहीतरी ऐटीत उभं राहिलं. त्याला माहीत नव्हतं. अकरा महिने सगळं आधी माहीत असणाऱ्याला आज चाचपडावं लागत होतं, आणि ते तिच्यामुळे.

तिने बोट उचललं नाही. टिक थांबली. सगळी खोलीच थांबली. छतावरचा पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

मग अगदी हळू, एकेक अक्षर जोडल्यासारखी, टिक... टिक... टिक.

"काय आलं, काका?"

काका स्क्रीनकडे आणखी वाकले.

"काका. वाचा."

"‘सांग ना,’" काकांनी वाचलं.

त्या खोलीत तिला कोणी अगं-तुगं करत नव्हतं. सगळे ‘अहो ताई’ म्हणायचे. हे शब्द कोणीतरी फार जवळून, लाडात येऊन म्हटल्यासारखे होते.

तिने समोर पाहिलं. सिस्टर तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या तिच्या उजव्या खांद्याच्या थोडं वर पाहत होत्या. वीतभर जागेकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर हलली नव्हती. वीस वर्षांत ज्या नजरेने त्यांनी मरणाऱ्या माणसांना खाटेवर धरून ठेवलं, ती नजर. डोळे तिथून न काढता त्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "ताई. मागे बघायचं नाही. माझ्यावर सोडा. तुम्ही टाइप करा."

मानेवर काहीतरी लागलं. वारा नव्हता. खिडकी समोर होती.

तिने डोळे मिटले आणि बोटांना मोकळं सोडलं. बोटं आपलीआपण गेली, लांब, वळणं घेत, कापडाखाली. तिला कळत होतं की एक किल्ली घडते आहे. तिची अक्षरं तिलाही दिसत नव्हती, फक्त वळणं हातात उतरत होती. एकदा. पुन्हा एकदा, पडताळ्यासाठी. दोन्ही सारख्या. शेवटची कळ.

आणि मग, बोटानंतर, पेटीतून आवाज आला. टिक.

"चांदण्या," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, नुसत्या चांदण्या."

सिस्टरांनी हळूच पापणी मिटली. पहिल्यांदाच.

९

पाचला तीन मिनिटं कमी असताना तिने डायरेक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, मग तिच्याकडे पाहून, कधी नव्हे ते, मान खाली झुकवली. दुसऱ्या दिवशी नवजात विभागातल्या नर्सेसनी वर फुलं पाठवली. कंपनीने पत्र पाठवून विचारलं की न पाहता किल्ल्या बदलण्याची रीत इतरांना शिकवाल का. तिने शिकवली. का शोधावी लागली, ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. काकांनी जुनी डिस्क कार्यशाळेत नेऊन तिला सात भोकं पाडली आणि तिच्या जागी नवी बसवली. घरी बाबांनी सगळी हकीकत, जेवढी सांगण्यासारखी होती तेवढी, तीन वेळा ऐकली आणि मग बाल्कनीतून ती खालच्या मजल्यांना ऐकवली.

सिस्टरांना तिने एकदाच विचारलं. जिन्यात, दोघीच असताना.

"काय होतं?"

सिस्टर दोन पायऱ्या उतरल्या, कठड्याला धरून थांबल्या. "ताई, काही गोष्टी केसपेपरवर लिहीत नाहीत. लिहिल्या की पुढच्या पाळीच्या माणसाला त्या दिसायला लागतात." मग जरा वेळाने म्हणाल्या, "पण एक सांगते. ते रागावलेलं नव्हतं. फार उत्सुक होतं."

खोली अजून तीच आहे. अजूनही एकही चोर सुटलेला नाही. हॉस्पिटल बघायला पाहुणे आले की डायरेक्टर त्यांना मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर नेतात, आणि दारातूनच दाखवतात, "या आमच्या कुलूपताई."

सकाळी तिजोरी उघडायची वेळ झाली की ती स्क्रीन बंद करते, हातांवर कापड घेते आणि खिडकीबाहेर नजर लावते. त्या वेळी खोलीतले आवाज एकेक करून खाली जातात, जसं कोणीतरी कान पुढे करताना श्वास धरतं. काका कागद चाळायचे थांबतात. सिस्टर आपलं काम सोडून समोरून तिच्याकडे पाहत राहतात, ती संपवेपर्यंत. तिच्याकडे, म्हणजे तिच्या खांद्याच्या थोडं वर.

ती सावकाश, एकही कळ न चुकता, किल्ली लावते. पाहुणे म्हणतात, काय ताठ मानेने बसते ही बाई. खरंच आहे. सहा महिने झाले, त्या खुर्चीत बसल्यावर तिची मान एकदाही मागे वळलेली नाही.